आपापली पायरी

नीरा आणि भीमा जिथे एकमेकींना मिळतात त्या टोकावर आमचं नरसिंहपूर आहे. पुणे जिल्हा इथे संपतो. घाटावर उभं राहिलं की समोरचा काठ सोलापूर जिल्ह्याचा, एका अंगाला माळशिरस तालुका आणि दुसऱ्या अंगाला माढा. सोयरिकी सगळ्या काठांवर, ऊस सगळ्या काठांवर आणि बांधाची भांडणंही सगळीकडे सारखीच. १८ ऑगस्ट २०२५ पासून मात्र या काठांमध्ये एक नवा फरक पडला. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच त्या दिवशी सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत गेला. आता उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर पलीकडचा माणूस कोल्हापूरची गाडी धरतो आणि अलीकडचा मुंबईची. त्या बेंचसाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ मागणी लावून धरली होती. न्याय लोकांच्या जवळ यावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

न्याय जवळ आला पाहिजे, यात दुमत नाही. तरी आमच्या पिढीच्या मनात एक रुखरुख आहे. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्याच्या मागेपुढे जन्मलेली आमची पिढी. आम्ही न्यायाधीश पाहिले, पुढारी पाहिले, आणि या दोघांकडे मान वर करून बघणारी माणसं तर घरातच होती. या तिघांमध्ये तेव्हा एक अंतर होतं आणि ते डोळ्यांना दिसायचं. पुष्कळदा ते जाचक होतं, अन्यायाचंही होतं. आज ते उरलेलं नाही आणि मला ते आठवत राहतं. आठवणीवर किती भरवसा ठेवायचा, हेही तपासून घ्यायला हवं.

गावात तंटा झाला की पहिली पायरी देवळाची असायची. लक्ष्मी-नरसिंहाचं हे देऊळ पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी बांधलेलं, दगडी, भक्कम. बांध कोरल्याची तक्रार आली की दोन्ही घरच्या कर्त्यांना तिथे आणायचे आणि एक म्हातारा सांगायचा, “पायरीवर हात ठेव आणि बोल.” ज्याने खरंच बांध कोरला असेल तो तिथवर यायचा, वाकायचा आणि मागे सरायचा. मागे सरणं हाच कबुलीजबाब. मग दुसऱ्या दिवशी सकाळी चार जाणती माणसं दोरी घेऊन शेतात जायची, जुना खुंट शोधायची, तो सापडला नाही तर अंदाजाने नवा रोवायची. खुंट रोवून झाला की दोघा भांडणाऱ्यांना एकमेकांच्या घरचा चहा प्यायला लावायचे. कपबशी हातात घेऊन दोघंही खाली मान घालून बसलेले असत. कुणी बोलत नसे. चहा संपला की तंटा मिटला असं सगळ्यांनी धरून चालायचं, आणि बहुतेक वेळा तो मिटायचाही.

आता मोजणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, सातबारा मोबाइलवर उतरतो, भूमी अभिलेखचा कर्मचारी उपग्रहाशी जोडलेलं यंत्र घेऊन येतो आणि हद्द काही सेंटिमीटरच्या फरकाने दाखवतो. दोरीने मोजलेल्या बांधापेक्षा हे कितीतरी खरं आहे. दावा कोर्टात असेल तर नंबर टाकून पुढची तारीख घरबसल्या कळते. पूर्वी तीच तारीख विचारायला एक अख्खा दिवस आणि एसटीचं भाडं मोडायचं. हद्द बिनचूक झाली, तारीख हातात आली. मात्र खुंट रोवल्यावर दोघांना चहाला बसवणारं कुणी राहिलं नाही, त्यामुळे निकाल लागतो आणि वैर तसंच राहतं.

पण त्या पायरीबद्दल बोलताना अर्धंच सांगून चालणार नाही. ज्यांना ती पायरी शिवायचीच बंदी होती त्यांनी शपथ कशावर घ्यायची? चावडीसमोर कुणी कुठे बसायचं हे जातीने ठरलेलं होतं. ज्याची जागा लांब त्याचं म्हणणं शेवटी ऐकलं जायचं, कधी ऐकलंही जायचं नाही. बाईचं म्हणणं तिच्या घरातला पुरुष सांगायचा. त्याच्याविरुद्धच तिची तक्रार असली तरी तोच सांगायचा. त्याहून मागे गेलं तर मराठेशाहीत वतनाचे तंटे गोतसभेपुढे चालत, निकालाचा महजर लिहिला जाई आणि पुरावा अपुरा पडला तर दिव्य करावं लागे. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढायचा. हात पोळला तर माणूस खोटा. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायतीचे दोष मोकळेपणी लिहिले आणि तरीही ती टिकवावी असं मत दिलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या परक्या अधिकाऱ्यालाही हा पेच पडला होता. तोच आम्हालाही पडतो.

देवळाच्या पायरीने भागलं नाही की कोर्टाची पायरी. शहाण्याने ती चढू नये असं सगळे म्हणायचे आणि घरटी एक दावा चालूच असायचा. आमच्याकडे दावा आजोबांनी लावला आणि हुकूमनामा वडिलांच्या हातात पडला. तारखेच्या दिवशी आजोबा पहाटे उठत. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, खांद्यावरच्या उपरण्याच्या एका टोकाला दशमी आणि दुसऱ्या टोकाला कागद. देवळात नमस्कार करून ते एसटीला उभे राहत. कोर्टाच्या दारात चपला काढण्याची सक्ती नव्हती, तरी ते काढायचे. आत बाकावर बसून पुकाऱ्याची वाट पाहायचे. पट्टेवाला दारात येऊन तीनदा नाव पुकारायचा. ते आपलं नाव ऐकूनही क्षणभर थांबत, मग उठत. बहुतेक वेळा पुकारा व्हायचा, वकील मुदत मागायचे आणि आजोबा चपला घालून परत निघायचे. तरी घरी आल्यावर कोर्टाविषयी एक वाकडा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. दोन पिढ्यांची उमेद त्या दाव्यात गेली. आजोबांच्या त्या आदराचं कौतुक करताना मला हे विसरता येत नाही.

जज्जसाहेबांना आम्ही लांबून बघायचो. तालुक्याच्या गावी संध्याकाळी ते फिरायला निघत, एकटे. पेठेतून जाताना कुणी रामराम केला तर मान हलवीत, थांबत मात्र नसत. कुणाच्या हॉटेलात चहा नाही, कुणाच्या लग्नात अक्षता नाहीत, सप्त्याच्या पंगतीत पान नाही. किराणा रोखीने, उधारीची वही नाही. वैशाखात नृसिंह जयंतीला ते इकडे दर्शनाला आले तर रांगेत उभे राहत. पुजाऱ्यांनी पुढे बोलावलं तर नुसता हात हलवून नको म्हणत. त्याच रांगेत पुढे किंवा मागे तालुक्यातला एखादा पुढारी असला तर दोघं एकमेकांकडे पाहून न पाहिल्यासारखं करत. काहीजण अशा जज्जांना माणूसघाणे म्हणायचे. पण ज्याचा दावा चालू असे तो त्या रांगेकडे बघून निर्धास्त व्हायचा. उद्या आपल्या समोरच्या पार्टीने शब्द टाकायचा म्हटलं तरी टाकणार कुठे, अशी त्याची खात्री पटायची.

११ सप्टेंबर २०२४ ला देशाचे पंतप्रधान सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या घरी गणपतीच्या आरतीला गेले आणि त्याचं चित्रण सगळ्या देशाने पाहिलं. गणपतीला कुणाच्याही घरी जावं, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. चंद्रचूडांचं मूळ गाव कन्हेरसर आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, त्यामुळे तो घरचा गणपती आम्हाला परका नव्हता. तरीही मला ते दृश्य रुचलं नाही. सरकार ज्या कोर्टात रोज पक्षकार म्हणून उभं असतं, त्या कोर्टाच्या मुख्याच्या देवघरात सरकारचा प्रमुख कॅमेऱ्यासमोर उभा राहू नये. त्या दोघांच्या मनात काय होतं याविषयी मला काही म्हणायचं नाही. ज्याचा दावा सरकारशी आहे त्या माणसाच्या मनात काय आलं असेल, त्याविषयी म्हणायचं आहे.

पुढच्याच वर्षी उलटं टोक दिसलं. अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाले आणि मे २०२५ मध्ये पहिल्यांदा मुंबईत आले, तेव्हा राज्याचे मुख्य सचिव, पोलीस महासंचालक आणि मुंबईचे पोलीस आयुक्त स्वागताला नव्हते. गवईंनी ते जाहीर कार्यक्रमात बोलून दाखवलं. राज्यघटनेचे तिन्ही स्तंभ समान आहेत, त्यांनी एकमेकांचा मान राखला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. संसद मोठी की न्यायालय मोठं, या वादावर राज्यघटना मोठी असं ते सांगत आले. एकीकडे आरतीची जवळीक, दुसरीकडे साधा शिष्टाचार विसरण्याइतकी बेफिकिरी. आम्ही पाहिलेलं अंतर या दोन्हींच्या मधलं होतं. त्यात मान होता आणि लगट नव्हती.

लांबून मान देण्याची जशी रीत होती तशी लाजेने पायउतार होण्याचीही होती. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी सिमेंट वाटप आणि ट्रस्टच्या देणग्यांच्या प्रकरणात निकाल दिला आणि मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांना खुर्ची सोडावी लागली. त्यानंतर चार वर्षांनी मुलीच्या वैद्यकीय परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पेपर गावात दुपारच्या एसटीने यायचा. पारावर एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. कोर्टाच्या चार ओळींनी मुंबईतला मुख्यमंत्री बदलतो, ही गोष्ट ऐकून पारावरच्या माणसाला आपणही कुणीतरी आहोत असं वाटायचं. दिल्ली-मुंबईची गणितं, पक्षातली भांडणं, श्रेष्ठींचा कल, हे सगळं त्या राजीनाम्यांमागे होतंच. सगळं नैतिकतेने घडलं असं मी म्हणणार नाही. पण कोर्टाने बोट दाखवल्यावर खुर्चीत बसून राहणं लोकांना दिसायला वाईट दिसेल, एवढा धाक तरी होता.

आता बघा. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, सरकार गेलं, दुसरं आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे गेलं. २७ सप्टेंबर २०२२ ला घटनापीठाचं कामकाज पहिल्यांदा थेट दाखवायला सुरुवात झाली, आणि त्या दिवशीच्या सुनावण्यांत हे प्रकरण होतं. आमच्याकडे माणसं मोबाइल हातात धरून ते बघत होती. युक्तिवाद इंग्रजीत, तरी बघत होती. आजोबा जे दार चपला काढून ओलांडत, त्याच्याही वरच्या कोर्टाचं दार नातवाच्या तळहातावर उघडलं, ही लहान गोष्ट नव्हे. पुढे ११ मे २०२३ ला निकाल आला. बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा होता, असं कोर्टाने स्पष्ट सांगितलं. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिलेला असल्याने जुनं सरकार परत आणता येणार नाही, हेही सांगितलं. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यावा, असं म्हटलं. अध्यक्षांनी तो १० जानेवारी २०२४ ला दिला आणि दोन्ही बाजूंपैकी कुणालाच अपात्र ठरवलं नाही. राष्ट्रवादी काँग्रेसच्या फुटीतही पुढच्या महिन्यात तेच झालं. त्या निर्णयांविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात पोचल्या आणि त्यांचा निकाल लागण्याआधीच विधानसभेची मुदत संपली, नवी निवडणूक झाली, नवे आमदार आले. चूक झाली असं कोर्टाने सांगितलं आणि कुणालाही उठावं लागलं नाही.

आमच्या देवळात नृसिंह जयंतीच्या कीर्तनात हिरण्यकश्यपूच्या वराची गोष्ट असते. दिवसा मरण नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाच्या हातून नको, जनावराच्या हातून नको. लहानपणी बुवा एकेक अट मोजायचे तेव्हा आम्ही श्वास रोखून बसायचो. राजाने सगळ्या फटी बुजवल्या होत्या, तरी न्याय उंबरठ्यावर येऊन उभा राहिला, हे ऐकून धीर वाटायचा. १९८५ साली राज्यघटनेत पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं. २००३ साली त्यातली एक-तृतीयांश फुटीची सवलतही काढून टाकली. फटी बुजवायचं काम इथेही झालं. पण या वेळी फट शोधणारे राजाच्या बाजूचे निघाले आणि त्यांना ती सापडत गेली.

फुटीनंतरच्या निवडणुका आमच्या भागाने फार जवळून सोसल्या. ७ मे २०२४ ला बारामती लोकसभेत नणंद आणि भावजय समोरासमोर, २० नोव्हेंबरला बारामती विधानसभेत काका आणि पुतण्या. इंदापुरातही राष्ट्रवादीचेच दोन गट, घड्याळ विरुद्ध तुतारी. घरं दुभंगली, पंगती वेगळ्या झाल्या. त्या नोव्हेंबरमध्ये पेपरात एक जाहिरात यायची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती द्यावी लागली होती. घड्याळ हे चिन्ह कुणाचं हा वाद न्यायप्रविष्ट आहे आणि त्याचा वापर अंतिम निकालाच्या अधीन राहील, अशी सूचना. चौकातल्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ पेपर डोळ्यांजवळ धरून तेवढ्याच ओळी पुन्हा पुन्हा वाचत होते. मग त्यांनी मला विचारलं, “म्हणजे निकाल लागायच्या आधीच मत द्यायचं का?” मी हो म्हणालो. त्यांनी पेपराची घडी घातली आणि ते मतदानाला गेले. त्यांनी जे दिलं ते आपल्या बाजूने पुरतं दिलं. मत अंतिम होतं, चिन्ह तेवढं अंतरिम होतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की सगळं बिघडलं ते अलीकडेच. तसं नाही, आणि आमच्या पिढीने तसं म्हणणं तर अजिबात शोभणार नाही. १९७३ साली तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरकारने आपल्या पसंतीचा सरन्यायाधीश नेमला, तेव्हा आम्ही शाळेत होतो. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली आणि दोन आठवड्यांच्या आत देशात आणीबाणी आली. येरवडा तुरुंग राजकीय कैद्यांनी भरला. त्यांना उच्च न्यायालयात दाद मागता येईल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. २८ एप्रिल १९७६ ला पाचांपैकी चार न्यायमूर्ती म्हणाले, नाही. त्या चौघांत पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे हंसराज खन्ना विरुद्ध उभे राहिले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. तो निकाल चुकीचा होता असं म्हणायला २०१७ साल उजाडावं लागलं, आणि ते लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय होते. ज्या काळातल्या अंतराचं मी कौतुक करतो आहे त्याच काळात इतकी जवळीकही घडली होती. फरक इतकाच की तिचं चित्रण झालं नव्हतं.

त्या काळात आमच्या बाजूचं एक नाव अभिमानाने घ्यावं असं आहे. विठ्ठल महादेव तारकुंडे, कऱ्हेकाठच्या सासवडचे. कऱ्हा बारामतीवरून खाली येते, सोनगावजवळ नीरेला मिळते आणि नीरा आमच्या संगमावर येते, म्हणून आम्ही त्यांना आमच्याच पाण्याचे म्हणतो. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असलेले तारकुंडे पदावरून बाहेर पडले आणि जयप्रकाश नारायणांबरोबर नागरी हक्कांच्या कामाला लागले. न्यायाधीशाची खुर्ची सोडून ते वरच्या खुर्चीकडे न जाता खाली लोकांत आले. आणि लोकांनीही १९७७ साली आपलं माप त्या पारड्यात टाकलं. काँग्रेसचा गड समजल्या जाणाऱ्या बारामतीने संभाजीराव काकडे यांना लोकसभेवर पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाने जे नाकारलं होतं ते मतपत्रिकेवरच्या शिक्क्याने मिळवलं. कुणाला वाटलं तर त्याला आमच्या आठवणीतला सर्वांत लखलखीत दिवस म्हणता येईल. पण तो दिवस येण्यासाठी आधीची ती एकवीस महिन्यांची रात्र लागली होती. ती परत यावी असं कोण म्हणेल?

मतदानाची रात्रही आता आठवते ती वेगळीच. मतपेट्या एसटीत चढवून लाखेचे शिक्के तपासले जायचे आणि गाडी तालुक्याला निघायची. दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभे असत. मग दिवसभर एकमेकांची मतं फोडणारी तीच माणसं पारावर एकत्र बसून एका पुडीतली तंबाखू मळत. निकाल रेडिओवर लागायचा. हरलेल्याच्या दारावरून मिरवणूक नेताना वाजंत्री थांबवायची, असा संकेत होता. तो सगळ्यांनी पाळला असं नाही, पण मोडला तर गाव नाव ठेवायचं. आता मतदान यंत्रावर होतं, मतपेटी पळवण्याची भीती गेली, निकाल दुपारपर्यंत हातात येतो. पार मोकळा असतो. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या गटात मोबाइलवर बोलतात आणि दुसऱ्या गटात काय चाललंय ते त्यांना कळत नाही.

या सगळ्यात लोकांचं वजन वाढलं की घटलं? कागदावर ते निश्चित वाढलं. १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीमुळे पंचायत राज संस्थांची निवडणूक वेळेवर घेणं बंधनकारक झालं. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२ साली आला, देशभर २००५ साली. २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या. चावडीत जिचं म्हणणं नवरा सांगायचा तिची नात सरपंच म्हणून सही करते, हे आम्ही पाहिलं. आमच्या लहानपणाहून हा काळ चांगला आहे, याला याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही. आणि पूर्वी निवडणुका तरी वेळेवर कुठे होत होत्या? जिल्हा परिषदेची निवडणूक १९७९ साली झाली ती पुन्हा थेट १९९२ साली. मधली तेरा वर्षं कुणाला फारसं विचारावंसंही वाटलं नाही.

तरी घटनादुरुस्तीनंतरही आमच्यावर तीच पाळी आली. २०१७ साली निवडून आलेल्या जिल्हा परिषद आणि पंचायत समिती सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, सरकारं बदलली तसे कायदे बदलले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पडून राहिलं. शेवटी ६ मे २०२५ ला कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, आणि सप्टेंबरमध्ये ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून दिली. तीन वर्षांहून जास्त काळ आमच्या रस्त्याचा, शाळेच्या खोलीचा, दवाखान्याच्या औषधांचा निर्णय प्रशासक घेत होता. वाद खरा होता, आरक्षणाचा प्रश्न गंभीर होता, हे मान्य. पण पुढारी कोर्टाकडे बोट दाखवत होते, कोर्ट सरकारकडे आकडेवारी मागत होतं आणि ज्यांच्यासाठी ही संस्था उभी राहिली ते लोक मध्ये उभे होते. त्या काळात गावातल्या कुणी मोर्चा काढला नाही. आम्हीही काढला नाही. पूर्वी भीतीने गप्प बसायचो, आता सवयीने गप्प बसलो.

माझ्या मते खरी झीज झाली ती इथे. न्यायाधीश आणि पुढारी यांचं एकमेकांशी कमीजास्त पूर्वीही होत होतं, पुढेही होईल. तिसरं वजन आपलं, आणि ते आपण दोघांकडे सोपवून मोकळे झालो. पूर्वी दवंडी यायची. संध्याकाळी डफावर थाप पडायची, पाठोपाठ “ऐका हो ऐका” आणि ग्रामसभेचा दिवस. सभेला यायचे ते पुरुष, त्यातही बोलायचे ते चारच, आणि ठराव आधीच ठरलेला असायचा. हे सगळं खरं. पण माणसं यायची. वहीवर सह्या-अंगठे उठायचे, अंगठ्याची शाई धोतराला पुसली जायची आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं जायचं की आज काय ठरलं. आता बायकांची वेगळी सभा कायद्याने आधी घ्यावी लागते, अंदाजपत्रक वाचून दाखवावं लागतं, लाभार्थ्यांची यादी मांडावी लागते. अधिकार इतके कधीच नव्हते आणि खुर्च्या इतक्या रिकाम्याही कधी नव्हत्या. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून दहा-पंधरा माणसांत सगळ्या गावाचे ठराव मंजूर होतात. मग त्या ठरावाविरुद्ध कुणीतरी कोर्टात जातं आणि कोर्टाने न्याय द्यावा म्हणून आपण वाट बघत बसतो.

कोर्टाची पायरी चढावी लागली तर चढा, पुढाऱ्याच्या दारात जावं लागलं तर जा. पण त्याआधी आपल्या हातातली सभा सोडू नका. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी असेल तेवढे हजर असले की गणपूर्ती होते. पुढच्या सभेला घरातल्या बाईमाणसासकट जा, प्रश्न लेखी द्या आणि इतिवृत्तात त्याची नोंद झालेली वाचल्याशिवाय सही करू नका.